बारा पाऊण नऊ

ना बुकिंग, ना रजेचा अर्ज. कॅलेंडरवरची तिथी बघायची, बॅग उचलायची आणि समुद्रातून चालत किल्ल्यावर जायचं!

शुक्रवारी संध्याकाळी पाच-साडेपाचला हा सीन तुमच्या ऑफिसातही होत असणार. कुणीतरी खुर्ची गर्रकन फिरवतं, आळस देतं आणि म्हणतं, ‘यार, कुठेतरी जाऊया!’ पाच मिनिटांत व्हॉट्सॲप ग्रुप तयार. नाव ‘गोवा फायनल’, पुढे तीन उद्गारचिन्हं. पहिल्या दिवशी मेसेजचा पाऊस, दुसऱ्या दिवशी रिमझिम. मग एकाची रजा पास होत नाही, दुसरीच्या मावसबहिणीचा साखरपुडा निघतो, तिसऱ्याला अचानक बीच नको, डोंगर हवा असतो. दोन आठवड्यांनी त्या ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं उमलतात. माझ्या फोनमध्ये असे चार गोवे आणि एक लडाख पडून आहे.

म्हणून मी ग्रुपचा नाद सोडला. आता आपलं फिरणं एका दिवसाचं. शनिवारी रात्री ठरवायचं, रविवारी सकाळी निघायचं, रात्री घरी येऊन डाळ-भाताचा कुकर लावायचा. बॉसला खोटा ताप सांगायला नको आणि सोमवारी लॅपटॉप उघडताना रडूही येत नाही. (म्हणजे येतं, पण कमी.)

फक्त ‘अचानक’ या शब्दाचा लोक जरा घोळ करतात. अचानक जायचं म्हणजे काहीच बघायचं नाही, विचारायचं नाही, मन करेल तिकडे गाडी वळवायची, असं त्यांना वाटतं. माझा फंडा थोडा वेगळा आहे. प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट अशी असते, जी तुमच्यासाठी थांबत नाही. डोंगरात गेलात तर ती असते शेवटची एसटी. तेवढी एक पक्की माहीत करून घ्यायची आणि बाकीचा दिवस मोकळा सोडायचा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या बाबतीत ही गोष्ट म्हणजे समुद्राचं घड्याळ.

अलिबाग म्हटल्यावर तुमचं नाक मुरडलेलं मला दिसतंय. ‘अलिबाग? तिकडे तर सगळेच जातात!’ खरंय. शिवाय ‘अलिबागसे आया है क्या’ हा जोक आहेच. त्या जोकवर बंदी घाला म्हणून कुणीतरी थेट मुंबई हायकोर्टात गेलं होतं. २०१९ मध्ये कोर्टाने ती याचिका फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका, असा एकूण सूर होता. आता जोकचं म्हणाल, तर अलिबागहून आलेल्या माणसाला भरती-ओहोटी तोंडपाठ असते आणि मुंबईत समुद्राशेजारी राहणाऱ्या आपल्याला ती फक्त पावसाळ्यात, हिंदमाताला पाणी तुंबल्यावर आठवते. भोळं कोण, ते तुम्हीच ठरवा.

तर, मार्चमधला शनिवार. रात्रीचे दहा. परळच्या आमच्या भाड्याच्या घरात माझी रूममेट लॅपटॉपसमोर मख्खपणे बसलेली. तिला बेंगळुरूच्या एका कंपनीची ऑफर आली होती. पगार मस्त, पोस्ट मस्त. सोमवारी सकाळी दहापर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. पोरीने एक्सेल शीट केली होती. डावीकडे मुंबई, उजवीकडे बेंगळुरू, मध्ये अठरा मुद्दे आणि प्रत्येकाला दहापैकी मार्क. दोन्हीकडे टोटल जवळपास सारखीच येत होती. आली नाही की ती कुठले तरी मार्क बदलायची आणि पुन्हा सारखी करायची. तीन वर्षं आम्ही एकत्र राहतोय. त्या शीटमध्ये ‘रूममेट’ अशी एक ओळ होती आणि मला दहापैकी सात मार्क होते. मी काही बोलले नाही. (सात! रोजचा चहा कोण करतं?)

दूधवाल्याचे खाडे मोजायला म्हणून मी स्वयंपाकघरातल्या ‘कालनिर्णय’कडे गेले आणि सहज रविवारच्या चौकटीवर नजर पडली. द्वादशी.

‘बारा पाऊण नऊ,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘उठ. उद्या अलिबागला जायचंय.’

हे गणित माझ्या आजीचं. आजी चौलची. तिच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकीसुद्धा घोकून घ्यायचे. आपल्या पिढीला पाऊणकी म्हणजे एखाद्या आत्याचं नाव वाटेल, पण तो पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन... कोकण किनाऱ्यावर हा पाढा अजून कामाला येतो. आजची तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, जे उत्तर येईल त्या वाजता पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवा, की पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती, नऊ वाजता ओहोटी. द्वादशीला नऊ वाजता भरती, तीन वाजता ओहोटी. बस! शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच, कारण समुद्र चंद्राच्या तालावर चालतो आणि तिथी म्हणजे चंद्राचंच कॅलेंडर. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तीच ही पाऊण. हिशोब अर्थात ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे निघण्यापूर्वी नेटवर मुंबईचं भरतीचं टाइमटेबल बघाच. आम्हीही पाहिलं. आजी पास!

हे कशासाठी? कारण कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटर आत, समुद्रात उभा आहे. भरतीला तो बेट असतो. ओहोटीला समोरचं पाणी ओसरतं आणि तुम्ही चक्क चालत जाता.

‘समुद्रात चालत?’ रूममेट अकोल्याची आहे. ‘अरे बाप्पा! आमच्याकडे तर नळाला पाणी आलं की सण असतो नं.’ पण तिने लॅपटॉप बंद केला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

रविवारी आठच्या सुमाराला आम्ही गेटवेला होतो. अलिबागला गाडीने जायचं तर पनवेल, पेण, वडखळ असा जवळजवळ शंभर किलोमीटरचा फेरा. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाल्यापासून पहिला टप्पा झटपट उरकतो, तरी वडखळच्या पुढे रविवारची गर्दी तुमची वाट बघत असतेच. मला बोट आवडते. गेटवेहून मांडवा साधारण एक तास, आणि त्याच तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंतची बससुद्धा मिळते. तिकीट मल्टिप्लेक्सच्या मोठ्या पॉपकॉर्नपेक्षा स्वस्त. गाडी न्यायचीच हौस असेल तर भाऊच्या धक्क्यावरून २०२० साली सुरू झालेली रो-रो आहे, ती गाडीसकट तुम्हाला पलीकडे उतरवते. आणि लाइफ जॅकेट दिलं की ते घाला, मांडीवर ठेवून त्याच्यावर वेफर्स खाऊ नका. १८ डिसेंबर २०२४ ला याच गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली. तेव्हापासून माझी तरी जॅकेटबद्दलची मस्करी बंद झाली.

बोटीत सीगल्सचा दंगा होता. ताजमहाल हॉटेल बोटाएवढं झालं, मग धूसर. रूममेटने फोन काढला. मला वाटलं फोटो काढतेय, तर बाईसाहेब फोनवर एक्सेल उघडून बसलेल्या. समुद्राच्या मध्यावर नेटवर्क गेलं. मांडव्याला ‘अग्निपथ’मधलं मांडवा ते हेच का, यावर मागच्या सीटवरचे दोन काका जेट्टी येईपर्यंत भांडत होते.

अलिबागला उतरलो तेव्हा साडेदहा होत आले होते. बीचवर गेलो. किल्ला समोर, आणि मध्ये पाणीच पाणी. आमच्याबरोबरच्या बसमधलं एक कुटुंब हताश. ‘हे काय, चालत जाता येतं म्हणाले होते!’ घोडागाडीवाले मामा गाडीच्या सावलीत निवांत बसले होते. त्यांना विचारलं, कधी सुटेल पाणी?

‘दीडच्या पुढं या. आज बारस हाय,’ मामा म्हणाले. घड्याळ नाही, मोबाइल नाही. रूममेटने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, सातचे आठ झाले बहुतेक.

मधले तीन तास आम्ही काहीही ठरवलं नव्हतं आणि तेच बेस्ट होतं. आधी गावात कान्होजी आंग्रे यांच्या समाधीपाशी गेलो. १७२९ मध्ये वारलेला हा मराठ्यांचा सरखेल. इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून १७२१ मध्ये याच कुलाब्यावर चाल केली होती आणि हात हलवत परत गेले होते. मग पुन्हा किनाऱ्याकडे येताना भूचुंबकीय वेधशाळेची भिंत लागली. आत जाता येत नाही, पण गोष्ट सॉलिड आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं पूर्वी मुंबईत, आपल्या कुलाब्याला व्हायची, १८४१ पासून. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारांमुळे सुया भरकटणार! मग १९०४ मध्ये शांत जागा बघून वेधशाळेचं हे काम अलिबागला हलवलं. इमारतीत लोखंड वापरलं नाही, की सुईला त्रास नको. एकदम बदल न करता काही काळ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे मोजमापं चालू ठेवली, म्हणजे जुन्या नोंदींशी नव्या नोंदी जुळवता याव्यात. इथली मोजणी आजही चालू आहे.

‘म्हणजे सुईचीसुद्धा मुंबईतून बदली झाली,’ रूममेट म्हणाली. ‘आणि दोन्हीकडे काम करायचं नोटीस पीरियडमध्ये.’

पहिल्यांदाच तिने त्या विषयावर जोक केला होता. मी विषय वाढवला नाही. जेवायला बसलो. सुरमईची थाळी, तांदळाची भाकरी, सोलकढी. एकादशीचा उपवास द्वादशीला सोडतात, आम्ही तो न करताच सुरमईवर सोडला. आजीला कळवू नका.

पावणेदोनला परत बीचवर आलो आणि रूममेट चक्क थबकली. सकाळचं पाणी गायब! जिथे लाटा होत्या तिथे ओल्या वाळूवर नक्षी उठली होती, मध्येमध्ये काळे खडक, डबक्यांत छोटे मासे आणि पळापळ करणारे खेकडे. सकाळचं हताश कुटुंब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सगळ्यांच्या पुढे. आम्ही चालत निघालो. काही ठिकाणी घोट्यापर्यंत पाणी, एका ठिकाणी त्याहून थोडं जास्त. पायात फ्लोटर्स असू द्या, खडकावरचे शिंपले पाय कापतात. मध्यावर उभं राहून दोन्हीकडे पाहिलं की कसंतरीच होतं. आपण उभे आहोत तिथे पाच तासांपूर्वी बुडालो असतो आणि अजून काही तासांनी पुन्हा बुडू!

किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला, पुरा झाला तो संभाजी महाराजांच्या काळात. महादरवाजावर हत्ती, मोर, वाघ कोरलेत. पण मला सगळ्यात भारी वाटते ती तटबंदी. हे मोठाले दगड चुन्याने सांधलेले नाहीत, नुसते एकमेकांवर रचलेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं, तिथेच त्याचा जोर मोडतो, आणि तट उभा राहतो. आत रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ, शेजारी तलाव, आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव ओतलंय. ‘ही ऑनसाइट आली आणि परत गेलीच नाही,’ असं मी म्हटलं, पण रूममेट हसली नाही. ती तटावर पश्चिमेकडे तोंड करून बसली होती.

‘सांग नं, तू काय केलं असतंस?’

काय सांगणार? मी तिला म्हणाले, की शीटमध्ये तू दर वेळी मार्क बदलून टोटल सारखी करतेस, ते मी बघितलंय.

‘सारखी नाही करत,’ ती म्हणाली. ‘बेंगळुरूची दोन-तीनने पुढे जाते. मग मी मुंबईची वाढवते.’

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. खाली ओल्या वाळूत माणसं मुंग्यांसारखी ये-जा करत होती. पावणेचार वाजून गेले होते. किल्ल्यात फोनला रेंज होती, पण तिने पर्समधून तो काढला नाही. अखेर मीच म्हणाले, चल, आता निघायला हवं.

हा मुद्दा सीरियसली घ्या. भरती सिनेमातल्या लाटेसारखी अंगावर येत नाही. आधी खळगे भरतात, मग वाळूची नक्षी दिसेनाशी होते, आणि येताना जिथे घोटाभर पाणी होतं तिथे परतताना पोटऱ्या बुडतात. पूर्ण ओहोटीच्या वेळेनंतर फार तर तासाभरात किल्ला सोडायचा, असं मामांनी बजावलं होतं. दरवाजाशी कॉलेजची चार मुलं रील बनवत होती. ‘अजून खूप टाइम आहे ताई!’ मामा घोडागाडी घेऊन शेवटच्या सवाऱ्या आणायला आले होते. ते मुलांवर जे ओरडले, ते इथे छापण्यासारखं नाही. मुलं मुकाट आमच्या मागून निघाली. किनाऱ्याजवळ एका खळग्यात त्यांच्यातल्या हीरोचा पाय गेला आणि तो मांडीपर्यंत भिजला. फोन मात्र डोक्यावर धरून सुखरूप! किनाऱ्यावर येऊन मागे पाहिलं तर आमच्या पावलांची ओळ अर्ध्यातच संपली होती.

तुम्हाला जायचं असेल तर सोपं सांगते. एकादशी ते त्रयोदशीच्या आसपास येणारा रविवार बघा, ओहोटी दुपारी सव्वादोन ते पावणेचारच्या मध्ये सापडते. पंधरवड्यात एकदा हा योग येतो, फक्त तो रविवारी पडला पाहिजे. अष्टमीला ओहोटी बाराला येते खरी, पण तेव्हा समुद्राचा जोर कमी असतो आणि पाणी फारसं आत जात नाही, मग गुडघाभर पाण्यातून जा किंवा घोडागाडी करा. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी भरती असते, तेव्हा किल्ला लांबून बघायचा आणि रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट गाठायचा. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात आणि कुलाब्याच्या वाटेला तेव्हा जायचंच नाही. आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळी उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. लक्षात घ्या, बोट मांडव्याहून सुटते, अलिबागहून नाही. बसचा पाऊण तास धरा. (पुन्हा पाऊण!)

आम्ही बस पकडायच्या आधी रस्त्याकडेला अलिबागचा पांढरा कांदा घेतला. भौगोलिक मानांकनवाला, गोडसर, माळांमध्ये गुंफलेला. मावशींनी एका माळेचा भाव सांगितला, रूममेटने अकोल्याच्या स्टाइलने घासाघीस केली, मावशींनी दाद दिली नाही, शेवटी सांगितल्या भावाला दोन माळा घेतल्या.

मांडव्याच्या जेट्टीवर लांबलचक रांग होती. सूर्य खाली आला होता आणि सगळ्यांच्या चपलांतून वाळू सांडत होती. रूममेट खांद्यावर कांद्याची माळ टाकून उभी होती, एखाद्या हार घातलेल्या पुढाऱ्यासारखी.

‘ऐक नं,’ ती म्हणाली. ‘डिपॉझिटमधले माझे पैसे लगेच नको देऊस. नवीन मुलगी मिळाली की दे.’

मी रांगेत दोन पावलं पुढे सरकले. बोट लागत होती.

‘बरं,’ मी म्हणाले. ‘आणि ही माळ?’

‘दोन्ही तूच ठेव. फ्लाइटमध्ये वास येईल.’